महिन्याचा किराणा २० तारखेलाच का संपतो?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लग्नानंतरची माझी पहिली दोन वर्षं आठवली. तुम्ही लिहिलंय, लग्न होऊन पुण्याहून धुळ्याला आलात, सासू-सासरे धरून घरात पाच माणसं, किराणा-दूध-भाजीपाल्याला महिन्याला ९,००० रुपये ठरवलेत, यादी करूनच सामान आणता, तरी २० तारखेला हात रिकामा. कुठे चुकतंय?

मी जळगाव जिल्ह्यातली, पाचोऱ्याकडची. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे, अशी सहा माणसं. गॅस आणि औषधं सोडून आमचा आकडा १०,५०० आहे, आणि गेली चार वर्षं तो बऱ्यापैकी पाळला जातो. बऱ्यापैकी म्हणजे वर्षातले नऊ महिने. उरलेल्या तीन महिन्यांचं पुढे सांगते.

तुमच्या यादीत मला चूक दिसत नाही. तुम्ही हिशेब महिन्याचा धरलाय, तिथे अडतंय. आपल्याकडे खान्देशात घर वर्षावर चालतं. नवे मूग-उडीद सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, मिरचीही त्याच सुमाराला वाळून बाजारात येते, आणि दादर (म्हणजे रब्बीची ज्वारी), हरभरा, गहू होळीच्या आगेमागे. माल ज्या दिवसांत येतो त्याच दिवसांत तो बहुधा स्वस्त असतो आणि निवडून घेता येतो. श्रावणात किलो-किलोने तूरडाळ आणणारी बाई सहा-सात महिन्यांचं गोडाऊनभाडं आणि चार हातांचा नफा भरत असते. मीही दोन वर्षं भरला.

आता आम्हाला वर्षाला अडीच क्विंटल गहू, सव्वा क्विंटल दादर, ३६ किलो तूरडाळ आणि मिरची-मसाला लागतो. मागच्या हंगामात हे सगळं मिळून २२,००० च्या आसपास गेलं. बाराने भागलं तर महिन्याला अठराशेच्या थोडं वर. सहा माणसांची भाकरी-पोळी, वरण आणि तिखट तेवढ्यात येतं. दीड लिटर दुधाचे २,७००, तेलाचे ९००, भाजीचे १,७००, आणि साखर, चहा, तांदूळ, पोहे, शेंगदाणे, साबण अशा बाकी सामानाचे २,५००. उरलेले साडेआठशे-नऊशे मी वेगळ्या डबीत ठेवते. या डबीला आमच्या घरी 'पाव्हण्यांची डबी' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, एकदम २२,००० आणायचे कुठून? बरोबर आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडेही नव्हते. गल्लीत आम्ही अकरा बायकांची भिशी आहे, महिना हजार रुपये. मी माझा नंबर मार्च महिन्यात मागून घेतला आणि त्या ११,००० चे फक्त गहू आणि दादर भरले. डाळ त्या वर्षी महिन्याच्या महिन्याला आणली. पुढच्या वर्षी धान्यातून वाचलेल्या पैशांवर डाळ आली. सगळं एका दमात करायला गेलात तर दागिना मोडावा लागेल, ते करू नका.

आणि भरणं सोपं, टिकवणं अवघड. तिसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. स्वस्तात मिळाली म्हणून तूर घेतली, ओलसर होती हे कळत होतं, पण वळवाचा पाऊस डोक्यावर होता म्हणून दुपारच्या उन्हातून उचलून गरम-गरमच कोठीत ओतली. गणपतीत झाकण उघडलं तर आत किड्यांचं राज्य. बारा-तेरा किलो फेकली. सासूबाई रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. तेव्हापासून धान्य असो की डाळ, दोन कडक उन्हं द्यायची, रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच भरायचं. गरम धान्य कोठीत घाम धरतं. डाळीला एरंडेलाचा हात, गव्हात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. दुकानदार गोळ्या देतो म्हणाला तर घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांमधून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो, त्या घरात आणायची वस्तूच नाही.

तेलाचं वेगळं सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी बचत तिथे झाली. आपल्याकडे रश्श्यावर तर्री दिसली नाही तर भाजी झालीच नाही असं मानतात. मी एकदा पैसे वाचवायला शेंगदाणा तेल बंद करून पामतेल आणलं. आठ दिवसांत सासऱ्यांनी ठेच्याचं ताट बाजूला सारलं, आणि चव येत नाही म्हणून माझ्याच हातून तेल जास्त पडायला लागलं. महिनाअखेरीस बचत शून्य. आता शेंगदाणा तेलाचाच १५ किलोचा डबा आणते, तो तीन महिने पुरवते. डब्यातून थेट स्वयंपाक करत नाही. १ तारखेला पाच किलो तेल बरणीत काढायचं आणि डबा माळ्यावर. बरणीची पातळी सगळ्यांना दिसते. पहिल्या महिन्यात २२ तारखेला तळ दिसला तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "माय वं, इतलं तेल?" मला काही बोलावं लागलं नाही.

डबा घेताना त्यावर किलो लिहिलंय की लिटर, हे आधी वाचा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास तेल असतं. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांत शंभर रुपयांचा फरक दिसतो आणि आपण स्वस्त तो उचलतो. त्यात सव्वा किलोहून जास्त तेल कमी असतं.

आता २० तारखेचं कोडं. तुम्ही यादी करून सामान आणता, मग पैसे जातात कुठे? एक महिना माझं ऐका, यादी सोडा आणि यादीबाहेरचं लिहा. मी लिहिलं तेव्हा माझीच मला लाज वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानात आमचं खातं होतं. मुलगा जायचा, "काकू, खात्यावर लिहा" म्हणायचा आणि बिस्किट, शांपूची पुडी, पावशेर फरसाण, नूडल्सचं पाकीट घेऊन यायचा. प्रत्येक वेळी वीस-तीस रुपये. महिन्याचे साडेचौदाशे निघाले. दुकानदार काही फसवत नव्हता, खात्यावर पैसे जाताना दिसत नाहीत इतकंच. खातं बंद केलं, तेव्हा सासऱ्यांना अपमान वाटला, "आपली पत गेली का?" म्हणाले. दोन महिने घरात धुसफूस होती. तुमच्याकडेही होईल, तयारी ठेवा. मुलांना मी आता रोख दोनशे रुपये महिन्याला देते, संपले की संपले. शाळेतून आल्यावर केळी. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण आमच्या दारावरच्या गाडीवर केळी अजून बिस्किटापेक्षा स्वस्त पडते.

भाजीला तर खरं शहाणपण आपल्या जुन्या बायकांकडे आहे, आणि तुम्ही बाहेरून आलात म्हणून ते सविस्तर लिहिते. पुण्यात रोज ताजी भाजी लागते. इथे मे महिन्यात आणि भर पावसाळ्यात भाजी महाग झाली की खान्देशी घर बाजाराकडे पाठ फिरवतं. बेसनाची पातोडी करायची, रस्सा करायचा. पातोडी थापायला वेळ नसेल तर डुबुक वड्या, पीठ भिजवून उकळत्या रश्श्यात सोडायचं, वीस मिनिटांत सहा माणसांचं कालवण. पाव किलो जाड तिखट शेव आणली की शेवभाजी. त्यात खरा खर्च शेवेचा नाहीच, भाजलेला कांदा-खोबरं आणि काळा मसाला घरचा असला की झालं. (शेव ताटात वाढताना घाला. आधी घातली की लगदा होतो आणि मग रस्सा वाढवायला अजून मसाला जातो.) घरात वाळवणाच्या वड्या असतील तर त्या, नाहीतर कुरडयांची भाजी. आणि आठवड्यातून दोनदा कळण्याची भाकरी. ज्वारीच्या तीन-चार भागांना सालीसकट उडदाचा एक भाग, थोडं मीठ, एकत्र दळून आणायचं. त्यावर शेंगदाण्याचा ठेचा, कांदा, कच्चं तेल. या जेवणाला भाजी लागतच नाही, आणि माणूस संध्याकाळपर्यंत काही मागत नाही. माझी मुलगी आधी नाक मुरडायची, आता डब्यात नेते.

हिवाळ्यात उलट करायचं. डिसेंबर-जानेवारीत वांगी, मेथी, पातीचा कांदा, गाजर, मटार सगळं उतरतं, तेव्हा भरपूर खा. आमच्याकडे त्या दोन महिन्यांत भाजीच्या पैशातून चार-पाचशे वाचतात आणि मी ते मे महिन्यासाठी बाजूला टाकते. आठवडे बाजारात संध्याकाळी उशिरा गेलं की भाव पडतात हे खरं, पण पालेभाजी तेवढी सकाळीच घ्यावी. संध्याकाळची मेथी निवडताना निम्मी जाते.

आता ते तीन महिने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा येतात, भाचे येतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्याच पाहिजेत. तो महिना गेलाच समजा. श्रावणात कानबाई देवीचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी एका घरात, नैवेद्याच्या रोटांचे गहू माणसांच्या हिशेबाने मोजून घ्यायचे, जेठाणीच्या घरचे दहा आणि आमचे सहा. आणि दिवाळी. सुरुवातीला मी या महिन्यांतही १०,५०० च धरायची आणि मग आकडा मोडला की पुढचे पंधरा दिवस सगळ्यांवर चिडायची. आता या तीन महिन्यांना १४,००० धरते आणि 'पाव्हण्यांच्या डबी'त जे साठतं ते तिथे ओतते. पुरतं असं नाही. गेल्या आखाजीला हजार रुपये कमी पडले, ते यांनी दिले.

रेशनचं बघून घ्या. तुमचं कार्ड अन्न सुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंब म्हणून असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. पाच माणसांचे २५ किलो म्हणजे थोडं नव्हे. तांदूळ इडलीला, पापडाला चांगला चालतो. आमचं कार्ड केशरी असून योजनेत नाव नाही, म्हणून माझ्या हिशेबात ते नाही. आणि डाळ-पीठ पाकिटातलं घेत असाल तर लक्षात ठेवा, २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. गहू घरचा, दळण चक्कीवरचं, हेच परवडतं.

सासूबाईंना कसं सांगू, असं शेवटी विचारलंत. सांगू नका, विचारा. मी हिशेबाची वही घेऊन बसायचे तेव्हा घरात शांतता पसरायची, जणू मी सगळ्यांचे घास मोजतेय. मग एका वर्षी मी सासूबाईंना फक्त म्हटलं, दादर कशी ओळखायची ते मला येत नाही, तुम्ही चला. त्या बाजारात आल्या, तीन ढिगांतले दाणे दाताखाली फोडून बघितले, भावात किलोमागे दोन रुपये तोडले आणि घरी येताना मलाच म्हणाल्या, डाळीचं पण आता आपण बघू. चहाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दारात आलेला माणूस चहाशिवाय जाणार नाही हा त्यांचा नियम आहे, म्हणून दूध दीड लिटरच्या खाली येत नाही, आणि मी तो नाद सोडलाय.

आता नोव्हेंबर चालू आहे. लगेच करायचंच असेल तर मूग आणि उडीद घेऊन ठेवा, नवा माल आलेला आहे. शेंगदाणेही आता घ्या. तूरडाळ मात्र दोन महिने किलो-किलोनेच आणा, नवी तूर आल्याशिवाय भरू नका. गल्लीत भिशी असेल तर मार्चचा नंबर आजच सांगून ठेवा, तो सगळ्याच बायका मागतात.