इंग्रजी शिकवणारे शिक्षक ‘जागतिक इंग्रजी’ मानतात का? वर्गात ती शिकवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी मराठी माध्यमात इंग्रजी शिकवते. ‘जागतिक इंग्रजी’, म्हणजे देशोदेशी आपापल्या तऱ्हेने बोलली जाणारी इंग्रजी, शिकवा असं प्रशिक्षणात सांगतात, सहकारी मात्र ब्रिटिश उच्चारांवर अडून बसतात. बरोबर कोण?’

शिक्षकांना तोंडी विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, इंग्रजी आता कुणा एकाची नाही. त्यांची खरी वृत्ती दिसते ती लाल पेनात आणि मुलाला मध्येच टोकण्यात. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी 1985 मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळांत मांडणी केली आणि भारताला ब्रिटन-अमेरिकेबाहेरच्या दुसऱ्या वर्तुळात ठेवलं, म्हणजे जिथे इंग्रजी स्वतःचे नियम रुजवते तिथे. कुणाला भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपच्या भाषापातळ्यांच्या चौकटीतही (CEFR) 2018 च्या पुरवणीत उच्चाराचं माप ‘समोरच्याला कळतं का’ याभोवती नव्याने आखलं गेलं. तरी शिक्षक अडतो. त्यात नुसता न्यूनगंड नसतो. दहावीची लेखी परीक्षा 80 गुणांची आहे आणि तिथे प्रमाण लेखनच लागतं. त्यामुळे लेखन आणि बोलणं यांना वेगवेगळे निकष लावा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

बोलण्यात काय दुरुस्त करायचं? भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 मध्ये अर्थ बिघडवणाऱ्या उच्चारांची यादी मांडली. मराठी मुलांपुरतं तिचं सार सांगतो.

सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा शब्दारंभीच्या प, ट, क चा. इंग्रजीत त्यांच्यासोबत हवेचा छोटा झोत असतो, मराठीत नसतो. म्हणून आपलं ‘पेन’ परक्या कानाला ‘बेन’ आणि ‘कोट’ (घालायचा) ‘गोट’ (बकरी) वाटू शकतं. ओठांपुढे दोन बोटांच्या अंतरावर कागदाची पट्टी धरा. ‘पेन’ म्हणताना ती हलली पाहिजे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलं झोत वाढवून थेट ‘फ’ वर जातात. आपला ‘फ’ बऱ्याच तोंडी दात-ओठांचा झालेला असल्याने ‘पॅन’चा ‘फॅन’ होतो. ओठ पूर्ण मिटूनच सुरुवात करायला लावा.

दुसरं, ह्रस्व-दीर्घ. वीट, फूल अशा शब्दांत आपला इकार-उकार आपोआप लांबतो, त्यामुळे ‘शिप-शीप’, ‘लिव्ह-लीव्ह’ एकसारखे ऐकू येतात. आठवड्याला पाच जोड्या पुरेत, पण आधी ओळखायला आणि मगच बोलायला. कानाला फरक कळला नाही तर जीभ तो करत नाही.

तिसरं, वाक्यातला जोर. मराठीत ‘च’ ने भागतं: मलाच चहा हवा, मला चहाच हवा. इंग्रजी तेच काम आवाजाच्या जोरावर करते. ‘आय वॉन्ट टी’ दोन्ही अर्थांनी म्हणवून घ्या. ‘च’ चा धागा दिला की मुलांना लगेच उमगतं.

‘थिंक’ मधला थ, ‘दिस’ मधला द मात्र सोडून द्या. त्यावर तासन्‌तास जातात आणि ते चुकले तरी सहसा कुणाचा गैरसमज होत नाही.

शब्दांच्या बाबतीत मी भारतीय प्रयोगांना चूक म्हणणार नाही, पण ते कुठे चालतात हे सांगेन. ‘प्रीपोन’, ‘कझिन ब्रदर’ इथे बिनधास्त वापरावेत. ‘टू लॅक्स’ मात्र नायजेरियातल्या ग्राहकाला कळणार नाही, तिथे ‘टू हंड्रेड थाउजंड’ म्हणावं लागतं. ‘डिस्कस अबाउट’ बोलण्यात कुणाला अडत नाही, उत्तरपत्रिकेत गुण जातील. वहीत ‘घरात / बाहेर / परीक्षेत’ असे तीन रकाने आखून घ्या.

ऐकण्यासाठी दोन मिनिटांची ध्वनिफीत तीनदा लावा: पहिल्यांदा फक्त विषय, दुसऱ्यांदा आकडे आणि नावं, तिसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून. बोलणारे बदलत राहा: फिलिपिनी, केनियन, स्कॉटिश, तमिळ. वर्गात हसू फुटतंच. तेव्हा आपणही नक्कल करून हसवलंत तर उद्या तोच मुलगा स्वतःच्या उच्चाराला घाबरून गप्प बसेल.

सहकाऱ्यांचा एक आक्षेप मला रास्त वाटतो: ‘जागतिक इंग्रजी’च्या नावाखाली ‘काहीही चालतं’ असा अर्थ काढला जातो. तो काढू देऊ नका. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत घोळ झाला तर ती चूकच आहे, आणि ‘डू यू मीन वन-फाइव्ह?’ असं विचारून ती सावरायलाही मुलांना शिकवावं लागतं.