चपलेच्या आतला दाब मोजायला पातळ एफएसआर सेन्सर चालतील का?

तुमचा प्रश्न मधुमेही रुग्णांच्या चपलेचा आहे: तळपायाखाली बाजारातले पातळ गोल एफएसआर (दाब पडला की ज्यांचा विद्युत रोध कमी होतो असे सेन्सर) चिकटवले, तर दाबाचा आकडा मिळेल का? आकडा मिळेल, पण तो किलोपास्कल म्हणून रिपोर्टात टाकू नका. दोन सोलांपैकी कुठला बरा हे ठरवायला पातळ सेन्सर छान. मी पादत्राणांच्या डिझाइनमध्येच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साधा हिशोब. एफएसआर ४०२ या मॉडेलची रेंज सुमारे २० न्यूटनपर्यंत आणि दाब घेणारा भाग अंदाजे दीड चौरस सेंटिमीटर. एका चौरस सेंटिमीटरवर १ न्यूटन म्हणजे १० किलोपास्कल, म्हणजे १३० किलोपास्कलच्या आसपासच त्याचा दम संपतो. मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बुटातला कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली हवा, असं आहे. जी रेषा तपासायची, तिथवर हा सेन्सर पोचतच नाही! त्यापेक्षा फ्लेक्सीफोर्स या ब्रँडचा १११ न्यूटनवाला सेन्सर घ्या, जाडी ०.२ मिलिमीटर, दाब घेणारा भाग ०.७ चौरस सेंटिमीटर. मात्र तो २०० चा आकडा २ चौरस सेंटिमीटरच्या सेन्सरसाठी दिलेला आहे. छोटा सेन्सर नेमका हाडाच्या टोकाखाली आला की आकडा चढतो, मोठ्यात तोच दाब सरासरीत विरतो. त्यामुळे थेट तुलना तरीही नाहीच.

खरी गोम कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे माहीत असलेल्या वजनाशी आकडा जुळवण्यात आहे. बहुतेक जण सेन्सर टेबलावर ठेवून वर वजनं ठेवतात. चपलेत मात्र तो एमसीआरवर (मायक्रोसेल्युलर रबर, सोलातलं मऊ रबर) बसतो. मऊ रबरावर ही प्लास्टिकची चकती आजूबाजूपेक्षा कडक पडते आणि स्वतःकडे जास्त भार ओढते. म्हणून खाली तेच एमसीआर, वर चामड्याचा तुकडा, अशा थरातच कॅलिब्रेट करा. वजन ठेवून चहा पिऊन येऊ नका; भार तोच असला तरी आकडा हळूहळू वर सरकत राहतो. चालताना पाऊल जेमतेम पाऊण सेकंद टेकतं, तेवढाच वेळ दाबा.

एफएसआरच वापरणार असाल, तर त्याच्या शेपटीतून हवा जायला बारीक वाट असते. घाम जाऊ नये म्हणून लोक ती टेपने बंद करतात, मग आत अडकलेल्या हवेमुळे रीडिंग बिघडतं. चप्पल जिथे वाकते तिथे कुठलाच सेन्सर नको, नुसत्या वाकण्यानेही रीडिंग येतं. सर्किट ऑप-अँपचं (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं) करा.

चाचणीत माणूस तोच, वेग तोच, सेन्सरची जागा तीच. फक्त सोल आलटून पालटून. मग टक्केवारी काढा. मधुमेही पायाच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत कमाल दाबात ३० टक्के घट हाही निकष आहे, आणि तो तुमच्या आवाक्यातला आहे.

(एमसीआर आलं कुठून? शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड आणि वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातली मंडळी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी ते वापरत. वाचून काढा, प्रोजेक्टला उपयोगी पडेल.)

पहिल्या चाचण्या स्वतःच्या पायावर करा. रुग्णापर्यंत जाल तेव्हा डॉक्टर सोबत हवेत, आणि प्रत्येक फेरीनंतर पायमोजा काढून त्वचा बघा. संवेदना गेलेल्या पायाला सेन्सरची कड टोचलेली कळत नाही.