मन हट्टी आहे, देवाशीच भांडण आहे. अशा माणसाला कृपा मिळते का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलात, थोरल्या बहिणीशी चार वर्षं बोलणं बंद आहे, चूक तिचीच आहे, आणि हल्ली प्रार्थनेला गुडघे टेकले की आतून कुणीतरी ‘नाही’ म्हणतं. पाळकसाहेब सांगतात, आधी हट्ट सोडा, मग कृपा मिळेल. आणि तुमचा प्रश्न असा की हट्ट सुटतच नसेल तर माणसाने करायचं काय?

मी पुण्यातला. लहानपण गुरुवार पेठेत गेलं, पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत. आता हडपसरला राहतो, वय एकसष्ट. सख्ख्या भावाशी नऊ वर्षं अबोला धरला आणि त्यातली बरीचशी वर्षं देवाशीही. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

तुमच्या पाळकसाहेबांचा मान राखून सांगतो, त्या वाक्यातला क्रम मला उलटा वाटतो. हट्ट आपल्या जोरावर आधी मोडायचा आणि मग बक्षीस म्हणून कृपा घ्यायची, तर तो पगार झाला. पौलाने इफिसकरांना स्पष्ट लिहिलंय की तारण कृपेने आहे, ते देवाचं दान आहे, कुणाची कमाई नाही. हट्ट सुटायलाच कृपा लागते. ती सुरुवातीपासून आपल्या दाराशी उभी असते, आणि आपण आतून कडी घातलेली असते. मला ही कडी काढायला फार वर्षं लागली, ती कशी गेली ते सांगतो.

आमचे वडील चर्चच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. जुनी, दुहेरी सुरांची, खर्ज-नर पेटी. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यांच्या बोटांत बसलेली होती. २००८ च्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या आजारपणाचा जवळजवळ सगळा खर्च मी केला होता, कर्ज काढून. ते गेल्यावर कळलं की राहती खोली त्यांनी धाकट्याच्या नावावर केली आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. त्या संध्याकाळी मी खोलीतून एकच वस्तू उचलली, ती पेटी, आणि निघून आलो. मला वाजवता येत नाही. वाजवायचा तो भाऊ. म्हणूनच उचलली.

घरी आणून ती माळ्यावर टाकली, जुन्या चादरीत गुंडाळून.

चर्च मात्र सोडलं नव्हतं. मागच्या बाकावर बसायचो. प्रभुभोजनाला लोक पुढे जाऊन गुडघे टेकायचे तेव्हा मी जागचा हलायचो नाही, कारण वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर, हे प्रभूचे शब्द मला पाठ होते. मला वाटायचं की मी प्रामाणिक आहे, खोट्या मनाने भाकर घेत नाही. आज वाटतं की त्या प्रामाणिकपणाआड मी देवालाच अट घालत होतो: आधी तू माझा न्याय कर, मग मी उठतो. न्याय काही झाला नाही. हळूहळू राग भावावरून देवावर सरकला. तू माझ्या बाजूने नाहीस ना, मग मीही तुझ्या बाजूने नाही, हे शब्द मी एकदा स्वारगेटच्या स्टँडवर, भर गर्दीत, पुटपुटलो होतो. तुमच्या आतून जो ‘नाही’ म्हणतो त्याला मी चांगला ओळखतो.

२०१२ साली नाताळच्या आधी भावाचा फोन आला. चार वर्षांत पहिल्यांदा. एवढंच म्हणाला, “दादा, पेटी देतोस का? भजनापुरती. परत आणून देतो.” मी म्हणालो, “भाड्याने मिळते, तिथून आण.” आणि फोन ठेवला. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. काही बोलली नाही, पण त्या रात्री माझ्या ताटात भाकरी वाढून ती आपल्या ताटासकट आत जाऊन बसली.

आता इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण हट्टी माणूस काहीच चांगलं करत नाही असा गैरसमज असतो. मी आईच्या औषधांचे पैसे दर महिन्याला पोचवत होतो. पुतण्याच्या बाप्तिस्म्याला आहेर पाठवला. आईला भेटायला जायचो, फक्त भावाची दुसरी पाळी असली की. तो पिंपरीला कंपनीत होता, दुपारी निघायचा, मग मी जिना चढायचो. बायबलातल्या पहिल्या शमुवेलात पंधराव्या अध्यायात शौल राजा असंच करतो. आज्ञा होती शत्रूचं सगळं नष्ट करायची. त्याने बहुतेक नष्ट केलं, पण उत्तम मेंढरं आणि गुरं राखली, आणि शमुवेल संदेष्टा आला तर छाती पुढे काढून म्हणाला, परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांवर ही मेंढरांची बें बें कसली येतेय? त्याच अध्यायात पुढे बंडखोरीला तो जादूटोण्याच्या पापाशेजारी नेऊन बसवतो. लहानपणी मला ही तुलना फार कडक वाटायची, माणसाने तीन चतुर्थांश तरी ऐकलं होतं की! पण तो राखून ठेवलेला चौथा हिस्साच सांगत असतो की राजा कोण आहे. माझ्या माळ्यावर चादरीत गुंडाळलेली ती पेटी म्हणजे माझं बें बें करणारं मेंढरू होतं.

२०१५ च्या नाताळच्या रात्री मी मुद्दाम उशिरा निघालो, आणि चर्चच्या फाटकाशी पोचलो तर आत भजन सुरू झालेलं. भाड्याची पेटी होती, सूर चढा. वडील काळी एकात धरायचे, हा भाऊ पेटीला सांभाळत भलत्याच पट्टीत अडकला होता आणि म्हाताऱ्या बायकांचा आवाज वर पोचत नव्हता. मी आत गेलो नाही. थंडीत फाटकाला टेकून उभा राहिलो, आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ डोळ्यांसमोर आला. शेतातून घराजवळ येतो, गाण्या-नाचाचा आवाज ऐकतो, चाकराला बोलावून विचारतो काय चाललंय, आणि रागावून आत जात नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला म्हणतो आपण, पण त्यात बंडखोर दोन आहेत. धाकटा आपला वाटा घेऊन लांब गेला, सगळं उधळलं, डुकरांच्या शेंगा खायची पाळी आली तेव्हा शुद्धीवर येऊन घरी परतला, आणि बापाने मेजवानी दिली. थोरला अंगणातच राहिला, त्याला शुद्धीवर यायला काही कारणच नव्हतं, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. इतकी वर्षं तुझी सेवा केली, करडूसुद्धा दिलं नाहीस. बाप हिशेब खोडत नाही. पण बाप बाहेर येतो! मेजवानी सोडून, पाहुणे सोडून बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. धाकट्याला धावत जाऊन भेटला, थोरल्यासाठी बाहेर आला. दोघांसाठी घराबाहेर पडला. हट्टी माणसाला कृपा मिळते का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी तिथे मिळालं. प्रभूने ती गोष्ट पुरी केली नाही. थोरला आत गेला की नाही ते सांगितलंच नाही.

त्या रात्री मी आत गेलो असं तुम्हाला वाटेल. गेलो नाही. घरी आलो आणि पुढचे चौदा महिने काहीही केलं नाही. फक्त प्रार्थना बदलली. आधी न्याय मागायचो. आता एवढंच म्हणायला लागलो: देवा, मला भावाकडे जायची इच्छा नाही, पण ती इच्छा व्हावी असं वाटतंय, तेवढं घे. रोज म्हणायचो असंही नाही. पण ती पहिली प्रार्थना होती ज्यात मी खरं बोलत होतो, आणि तेव्हापासून आतला ‘नाही’ जरा दमल्यासारखा झाला.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते, कारण पुण्यातल्या ख्रिस्ती माणसाला ती येणारच. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतच्या पंडिता, बुद्धीला पटल्याशिवाय एक पाऊल न टाकणाऱ्या, ज्यांनी आश्रय दिला त्या सिस्टरांशीही सिद्धांतावरून वाद घालणाऱ्या. पुढे शारदा सदन काढलं, ते मुंबईहून पुण्याला आणलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. आणि आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! एवढी मोठी बाई. मी मागच्या बाकावर बसून तेच करत होतो, फरक इतकाच की त्यांनी ते कबूल केलं.

रमाबाईंकडे पाहून आणखी एक शिकावं. देवाने त्यांचा कणा काढून घेतला नाही. विधवांसाठी, दुष्काळातल्या मुलींसाठी त्या तशाच चिवट राहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने सगळ्या बायबलचा मराठी अनुवाद केला, १९२२ साली त्या गेल्या आणि तो १९२४ साली छापून पुरा झाला. तेव्हा हट्ट सोडायचा म्हणजे तुम्ही बहिणीपुढे मेणाचं व्हायचं, तिची चूक ही चूक नव्हतीच म्हणायचं, असं मुळीच नाही. आजही माझं म्हणणं आहे की हिशेबात मी बरोबर होतो. सोडायची ती एकच वस्तू असते, जी आपण फक्त समोरच्याला मिळू नये म्हणून धरून ठेवलेली असते.

माझे आजोबा नगर जिल्ह्यात दुसऱ्याच्या शेतावर औत हाकायचे. ते सांगायचे, बैल पराणीवर, म्हणजे त्याला हाकायच्या टोकदार काठीवर, लाथ मारतो तेव्हा पराणीला काही होत नाही, त्याच्याच पायाला भोक पडतं. ख्रिस्ती लोकांना पकडायला निघालेल्या पौलाला दमास्कसच्या वाटेवर प्रभू नेमकं हेच सांगतो, पराणीवर लाथ मारणं तुला कठीण. मला या वाक्यातली कळकळ फार उशिरा ऐकू आली. प्रभू पौलाला शिक्षेची भीती घालत नाही, त्याला विचारतो, तुझा पाय दुखतोय ना?

तर २०१७ च्या फेब्रुवारीत मी टेबलफॅन काढायला माळ्यावर चढलो. पेटीवरची चादर ओढली तर भात्याच्या घड्यांना उंदरांनी भोकं पाडलेली, चामडं कुरतडलेलं, पट्ट्यांत लेंड्या. मी शिडीवरच बसलो. वडिलांच्या बोटांनी पिवळ्या पडलेल्या पट्ट्या होत्या त्या. भावाला देणार नाही म्हणून मी त्या उंदरांना दिल्या होत्या. त्या शिडीवर, हातात फडकं घेऊन, मी रडलो, आणि कितीतरी वर्षांनी मोठ्याने ‘बापा’ म्हणालो. कुणी उत्तर दिलं नाही, काही दिसलं नाही. पण आतून ‘नाही’ आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी रिक्षात घालून पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांनी वरची फळी उघडली, एकेक पितळी सूर काढून ओळीने कागदावर मांडला आणि म्हणाले, “सूर चांगले आहेत हो, नुसता कचरा बसलाय. भाता मात्र नवा घालावा लागेल.” साडेचार हजार रुपये झाले. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी तीनदा मनात ठरवलं की पेटी दुरुस्त करून आपल्याकडेच ठेवावी. हट्ट असा एका दमात जात नाही, तुम्हीही ती अपेक्षा ठेवू नका.

गेलो तो रविवारी, भाऊ घरी असताना. जिना तोच, पण पेटी छातीशी धरून चढताना दोनदा थांबावं लागलं. दार त्यानेच उघडलं. वाटेत सगळं पाठ केलं होतं, चुकलं, माफ कर, आणि तोंडातून निघालं ते, “भाता बदललाय.” तो काही बोलला नाही. पेटी माझ्या हातातून घेतली, जमिनीवर ठेवली, मांडी घातली. भाता दोनदा हलवून पाहिला, काळी एक दाबली. आतल्या खोलीतून आईने विचारलं, “कोण आलंय रे?” तो म्हणाला, “दादा आलाय,” आणि मग दोघांनाही पुढचं बोलता येईना. त्याच्या बायकोने पाणी आणून माझ्यापुढे धरलं, मी ते नुसतं हातात घेऊन बसलो.

माफी मी मागितली, पण दोन दिवसांनी, फोनवर. त्यानेही मागितली. खोली अजून त्याच्याच नावावर आहे, तो विषय निघाला की माझ्या पोटात आजही काहीतरी हलतं, मग मी तीच जुनी प्रार्थना करतो. त्या महिन्यात प्रभुभोजनाला मी मागच्या बाकावरून उठलो. पुढे जाऊन गुडघे टेकले तेव्हा माझ्या उजव्या हाताला तो होता.

तुम्ही बहिणीचं काय धरून ठेवलंय ते मला माहीत नाही. एखादा फोटो असेल, कागदावरची सही असेल, नुसता एक निरोप असेल. तुम्हाला मात्र ते माहीत असणार, आणि हे वाचताना एकदा तरी डोळ्यांसमोर येऊन गेलं असणार. ते नेऊन द्यायची इच्छा आज नसेल तर तेवढंच देवाला सांगा, जसं आहे तसं. आणि जमलं तर मला इथे कळवा, मी तुमचं नाव न घेता गुरुवारच्या प्रार्थनेत मांडीन. त्या प्रार्थनेला पेटी भाऊच वाजवतो.