पिंग ओके, मग रिपोर्टमध्ये डेटा गायब कसा?

प्रश्न : नमस्कार सर, मी पाटण तालुक्यात पठारावरच्या एका विंड साइटला कंट्रोल रूममध्ये असतो. टर्बाइन बऱ्याचशा जुन्या आहेत, काही फायबरवर आणि लांबच्या काही सिमकार्डच्या मॉडेमवर. आता नवीन स्काडा (सगळ्या टर्बाइनचा डेटा गोळा करून दाखवणारी सिस्टिम) बसवलंय. सप्लायर म्हणतो कम्युनिकेशन ९९ टक्के आहे, स्क्रीनवर पण सगळं हिरवं दिसतं, पिंग मारला तर ओके येतो, पण महिन्याचा रिपोर्ट काढला की मधलेच रेकॉर्ड नसतात आणि हेड ऑफिसचे फोन सुरू होतात. हँडओव्हर घ्यायच्या आधी टेस्ट कशी घ्यायची?

उत्तर : आधी पिंगचं बघू, म्हणजे समोरचं उपकरण नेटवर्कवर उत्तर देतं का हे बघायच्या छोट्या संदेशाचं. विंडोजचा साधा पिंग ३२ बाइटचा असतो आणि सिमवाल्या टर्बाइनला त्याचं उत्तर बहुतेक वेळा मॉडेमच देतो, मागचा टर्बाइनचा कंट्रोलर हँग झालेला असला तरी मॉडेम आपला उत्तर देतच राहतो. त्यामुळे पिंग ओके म्हणजे रस्ता उघडा आहे, माल पोचला की नाही ते त्यावरून कळत नाही.

मग सप्लायरला लेखी विचारा की ९९ टक्के कशाचे, लिंक चालू होती त्या वेळेचे की पोचलेल्या रेकॉर्डचे, आणि ते सगळ्या साइटचे मिळून आहेत की एकेका टर्बाइनचे. दहा मिनिटांच्या सरासरीचे रेकॉर्ड दिवसाला १४४ होतात, वर्षाला ५२,५६०. त्यातला १ टक्का गेला म्हणजे ५२५ रेकॉर्ड, जवळपास साडेसत्याऐंशी तास. हे तास जर आषाढातल्या वाऱ्यात गेले, जेव्हा तुमच्या पठारावर खरं जनरेशन असतं, तर वर्षाची सरासरी कितीही छान दिसली तरी तिचा काही उपयोग नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मार्चमधल्या मंद वाऱ्यात घेतलेल्या टेस्टवर हँडओव्हरची सही करू नका, निदान पावसाळ्यातले दोन-तीन आठवडे तरी टेस्टमध्ये धरायला लावा.

मोजायचं कसं, तर टर्बाइनच्या तळाशी पॅनेलला लॅपटॉप लावून कंट्रोलरचा स्वतःचा लॉग काढा आणि सर्व्हरवरच्या रेकॉर्डशी वेळेनुसार जुळवा. लॉग मिळत नसेल तर तयार झालेल्या विजेच्या युनिटचा (किलोवॅट-तासांचा) काउंटर आहेच, लिंक तुटली तरी तो पुढे जातच असतो. तासाभरात काउंटर किती वाढला ते बघा आणि त्याच तासातल्या सहा रेकॉर्डच्या किलोवॅटची बेरीज करून सहाने भागा. समजा काउंटर ४२० ने वाढला आणि तुमची बेरीज ३५० भरली, तर वारा एकसारखा असताना सरळ एक रेकॉर्ड गेला असं समजा. बेरीज जास्त भरली तर कुठलातरी रेकॉर्ड दोनदा घुसलाय.

आता खरी टेस्ट म्हणजे लिंक मुद्दाम तोडणं. चालू टर्बाइनची फक्त स्काडाकडे जाणारी पॅचकॉर्ड (नेटवर्कची छोटी केबल) अर्धा तास काढून ठेवा (कंट्रोल रूमला सांगून, आणि सेफ्टी किंवा पिचच्या, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या, वायरींना हात न लावता). टर्बाइन थांबणार नाही, ती स्वतःच्या कंट्रोलरवर चालते. अलार्म किती सेकंदांनी आला ते लिहून ठेवा. स्क्रीनवरचा आकडा खराब म्हणून दिसला की शेवटचाच आकडा तसाच चिकटून राहिला ते बघा, आणि कॉर्ड परत लावल्यावर मधले तीन रेकॉर्ड त्यांच्या मूळ वेळेसकट भरून आले का ते तपासा. मग हेच पूर्ण दिवसभर करा म्हणजे बफर (लिंक नसताना डेटा साठवून ठेवणारी मेमरी) किती टिकतो ते कळेल. नंतर कंट्रोल रूममधला नेटवर्कचा मेन स्विचच बंद करून चालू करा, कारण सगळ्या टर्बाइन एकदम साठलेला डेटा पाठवायला लागल्या की सर्व्हर गुदमरतो. फायबरची रिंग असेल तर एकेक बाजू तोडून बघाच, एक बाजू आधीच तुटलेली असते आणि कुणाला पत्ताच नसतो असं बऱ्याचदा निघतं.

चिकटलेला आकडा मला सगळ्यात घातक वाटतो. वाऱ्याचा वेग तासभर ७.३ च्या ७.३ राहत नसतो, तर असा आकडा दिसला की अलार्म यायला हवा. आयईसी ६०८७०-५-१०४ या प्रोटोकॉलमध्ये (डेटा पाठवायच्या पद्धतीत) आकड्यासोबत तो वैध आहे की शिळा आहे याची खूण जाते, पण साध्या मॉडबस प्रोटोकॉलमध्ये ना खूण ना वेळ, म्हणून मधला गेटवे (टर्बाइनचा डेटा स्काडाच्या प्रोटोकॉलमध्ये बदलून देणारं उपकरण) कॉर्ड काढल्यावर ती खूण स्वतः लावतो का हे बघणं फार गरजेचं आहे.

घड्याळं पण तपासा. लोड डिस्पॅच सेंटरचा (ग्रिडमधली वीज सांभाळणाऱ्या केंद्राचा) हिशोब १५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये असतो, दिवसाला ९६ ब्लॉक. कंट्रोलरचं घड्याळ पाच मिनिटं मागे-पुढे असलं की तेवढी वीज शेजारच्या ब्लॉकमध्ये जाते आणि डेविएशनचे, म्हणजे कळवलेल्या शेड्यूलपेक्षा फरक पडल्याचे, पैसे विनाकारण लागतात. दहा मिनिटांचे रेकॉर्ड पंधराच्या ब्लॉकमध्ये नीट बसत पण नाहीत, तिथं मिनिटाचा डेटाच मागा.

सिमवाल्या टर्बाइनना प्रत्येक पोलला (सर्व्हरने डेटा मागितल्यावर) उत्तर यायला किती वेळ लागला ते साठवा आणि सरासरी न बघता सगळ्यात वाईट वेळा बघा. एकामागून एक पोलिंग असेल तर एक मेलेली टर्बाइन बाकीच्यांनाही अडवते, तीन सेकंदांचा टाइमआउट आणि एकूण तीन प्रयत्न म्हटलं तरी दर फेरीला नऊ सेकंद तिच्यावरच जातात.

प्रश्न : ढालगावकडच्या आमच्या एका टर्बाइनला हबचं (पाती बसवलेल्या फिरत्या भागाचं) कम्युनिकेशन मधूनच जातं, बाकी सगळं ठीक. केबल बदलून झाली.

उत्तर : एरर रोटर फिरत असतानाच येतात का ते वेळेनुसार बघा. थांबलेल्या रोटरला एकही एरर नसेल तर संशय स्लिप रिंगवर (फिरत्या हबला ब्रशमधून वायरी जोडणाऱ्या रिंगवर) घ्या, ब्रश झिजलेत की कार्बनची धूळ आणि ग्रीस साचलंय ते उघडून बघायला सांगा, आणि साफ केल्यावर जोराच्या वाऱ्यात परत एरर मोजा.