लेकीचं ताट बापाहून मोठं

प्रश्न : ताई, आम्ही रावेर तालुक्यातल्या खेड्यात राहतो. घरात सासूबाई (74), मालक (47, दोन वर्षांपासून शुगर), मुलगी (14, नववीत) आणि धाकटी जाऊ, तिच्या अंगावर सात महिन्यांचं बाळ. शाळेच्या तपासणीत मुलीचं हिमोग्लोबिन 9.8 निघालं. सासूबाई संध्याकाळी दूधभाकरीशिवाय काही घेत नाहीत. बाळाला वरणाचं पाणी सुरू केलंय, पण दोन महिने वजन तिथंच आहे. प्रत्येकाचं वेगळं रांधायचं म्हटलं तर मी चुलीपुढून उठायचीच नाही. सगळ्यांना चालेल असं एकच काहीतरी सांगा.

उत्तर : ताई, स्वयंपाक एकच ठेवा, वाढणं तेवढं बदला. तुमचं पत्र वाचून मी एक कागद घेतला आणि तुमच्या घरची माणसं जेवायला बसतात त्या क्रमानं लिहून काढली. क्रम तुम्ही कळवलेला नाही, पण जळगावात तीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून बसल्यावर तो विचारावा लागत नाही. आधी मालक, मग सासूबाई, मग मुलगी, आणि टोपल्यात उरेल त्यावर तुम्ही दोघी जावा.

आता त्या नावांपुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये ठरवलेले आकडे मांडा. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 2110 कॅलरी लागतात. चौदा वर्षांच्या मुलीला लागतात 2400. घरकामात दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईला 2130, आणि सात महिन्यांचं लेकरू अंगावर असेल तर त्यावर आणखी 520. लोहाचं तर विचारूच नका : बापाला रोज 19 मिलिग्रॅम, लेकीला 30. म्हणजे ज्यांना जास्त लागतं तीच माणसं आपल्याकडं शेवटी बसतात.

मालकांचं थोडक्यात उरकते. ते आता खत-बियाण्याच्या दुकानात बसत असतील किंवा केळीच्या बागेत मजुरांवर लक्ष ठेवत असतील. अंगमेहनतीच्या दिवसांत त्यांना 3470 कॅलरीपर्यंत लागत होत्या. नांगर सुटला, भाकऱ्या सुटल्या नाहीत. एक भाकरी कमी, भाजी दुप्पट, जेवणानंतर अर्धा तास चालणं. शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालली तर बी-12 कमी होऊ शकतं, पुढच्या वेळी रक्त तपासताना तेही बघायला सांगा. बस.

मुलीकडं मात्र नीट बसून बघू या. 9.8 म्हणजे मध्यम रक्तक्षय, या वयाच्या मुलीचं किमान 12 हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता, त्यामुळं "आमच्याच पोरीला असं कसं" म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पण एक ऐका : 9.8 वरून 12 वर नुसत्या पालेभाजीनं येत नाही. गोळ्या लागतील, आणि त्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच. मग आहार कशाला, तर वर आलेलं पुन्हा खाली जाऊ नये म्हणून.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, तेही विचारा. खरं विचारा. माझ्याकडं आलेल्या किती पोरींनी ती दप्तराच्या कप्प्यात साठवलेली मी पाहिलीय, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. जेवल्यावर घ्यायची, शौचाला काळं होतं त्यानं घाबरायचं नाही.

आणि चहा. आपल्या खानदेशात जेवणाच्या मागंपुढं चहा ठरलेलाच. भाकरी-भाजीतलं लोह आधीच अवघडून शोषलं जातं, त्यात चहातलं टॅनिन आडवं येतं. चहा जेवणापासून तासभर लांब सरकवा आणि ताटात लिंबाची फोड ठेवा, किंवा पेरूच्या दिवसांत पेरू. क जीवनसत्त्वानं तेच लोह जास्त मुरतं. तिला सकाळी सातच्या क्लासला कपभर चहा आणि खारीवर पाठवत असाल तर ते बंद करा. कालच्या कळण्याच्या भाकरीवर दाण्याची चटणी आणि चमचाभर तेल घालून गुंडाळी करून हातात द्या. चालत चालत खाईल.

कळण्याची भाकरी म्हटलं की अजूनही मला आमच्या घरचं जातं आठवतं. ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळायचं कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण ठरवणारीला दाद द्यायला हवी. धान्यातल्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर. उडदात जे कमी ते ज्वारीत असतं. दोन्ही एका भाकरीत आलं की प्रथिनाचा कस वाढतो. ज्या घरात अंडं-मटण चालत नाही तिथं तर ही भाकरी रोज असावी. दादर जातीच्या ज्वारीची असेल तर चवही खुलते.

आता बाळ. वरणाचं पाणी बंद. हे मी रागावून लिहितेय असं समजा. सात महिन्यांच्या बाळाचं पोट एवढंसं, त्यात पाणी भरलं की जेवणाला जागा कुठं? शिवाय पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपतो आणि दुधात लोह फार थोडं. म्हणूनच सहा महिन्यांनंतर घट्ट खाणं हवं. वाटीतलं चमच्यात घेऊन चमचा तिरका केला तर पटकन ओघळू नये, एवढं घट्ट. तुमच्याच कुकरमधली नवापूरची तूरडाळ आणि भात, मीठ-तिखट पडायच्या आधी दोन चमचे बाजूला काढा, हातानं कुस्करा, वर घरचं तूप घाला. अंडं चालत असेल तर उकडून कुस्करून तेही द्या. दिवसातून दोन-तीनदा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. अंगावरचं दूध चालूच, दोन वर्षांपर्यंत. रावेरला राहून केळं द्यायचं नाही असं मी सांगू शकत नाही, द्या, पण केळ्यानंच पोट भरू नका, त्यात लोह नगण्य. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. आणि दोन महिने वजन हललं नसेल तर या मासिकाच्या उत्तरावर थांबू नका, याच आठवड्यात अंगणवाडीत वजन करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जाऊबाईंच्या 520 कॅलरी म्हणजे काय, तर दोन भाकऱ्या आणि मूठभर शेंगदाणे. एवढंच जास्तीचं. डिंकाचे लाडू पहिल्या सव्वा महिन्यात संपतात, आणि मग सगळे विसरतात की बाई अजून पाजतेय.

सासूबाईंबद्दल लिहायला मला जड जातं. माझी आईही रात्री दूधभाकरीच खायची. "आता म्हातारपणी काय लागतं माय, हलकंच बरं," असं म्हणायची, आणि मी, दिवसभर दुसऱ्यांची ताटं तपासणारी, मान हलवायचे. तिच्या हातातली पाटली मनगटावरून कोपराकडं घसरायला लागली तेव्हा मी काय म्हणाले असेन? "बरं झालं बारीक झालीस, गुडघ्यांना आराम." एका सकाळी ती ओट्यावरून उठताना हात टेकूनही उठेना. चरबी नव्हती गेली ती, मांडीचे स्नायू गेले होते.

वय वाढलं की कॅलरी कमी लागतात, हे खरं. प्रथिनं मात्र कमी लागत नाहीत, उलट वजनाच्या दर किलोमागं 1 ते 1.2 ग्रॅम तरी हवीत, म्हणजे तरुणाहून थोडी जास्तच. सासूबाईंचं वजन 46 किलो धरू. लागतील 46 ते 55 ग्रॅम. आता त्यांचा दिवस मोजू : सकाळी चहा-टोस्ट 3 ग्रॅम, दुपारी एक भाकरी 6, पातळ वरण 5, भाजी 2, रात्री भाकरी 6 आणि अर्धा कप दूध 3. झाले 25. अर्धेच.

उरलेले कुठून आणायचे? दुपारी वाटीभर दही, 5. भाजीत किंवा भाकरीवर दोन चमचे दाण्याचा कूट, 4. झोपताना पेलाभर दूध, 6. आणि आठवड्यातून चार-पाच दिवस फुणके. तूरडाळ भिजवून जाडसर वाटून वाफवलेले, मऊ, कढीत बुडवून कवळीशिवायही खाता येतात. दोन मोठ्या फुणक्यांत साधारण 30 ग्रॅम डाळ जाते, म्हणजे 7 ग्रॅम प्रथिनं. बेरीज 47 वर आली. फुणके घरात सगळ्यांसाठी होतात, सासूबाईंसाठी वेगळी चूल पेटली का? नाही. पातोडी केलीत तरी तेच. फक्त मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा. सोबत खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, दिवसातून दोनदा. आणि आपल्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकतो तेव्हा, त्या पाणी मागतील याची वाट बघू नका. या वयात तहान कळतच नाही. तांब्या शेजारी ठेवा आणि दुपारपर्यंत रिकामा झाला का ते बघा.

आता शेवटचं. तुमच्या पत्रात चौघांची वयं आहेत, तुमचं नाही. मुलगी नववीत म्हणजे तुम्ही चाळिशीच्या आसपास. पाळी चालू आहे तोवर तुम्हालाही रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं, आणि पाळी गेली की हाडं झपाट्यानं झिजतात, तेव्हा कॅल्शियमची तरतूद आत्ताच. तिळाची चटणी, ताक, दही. मुलीबरोबर तुमचंही हिमोग्लोबिन करून घ्या आणि आकडा मला कळवा.

प्रश्न : आमच्या धडगाव भागात गरोदर बाईला जास्त खाऊ देत नाहीत, बाळ मोठं झालं तर अडेल म्हणतात. माझ्या वहिनीला पाचवा महिना आहे. लोहाच्या गोळ्या घ्यायलाही ती तयार नाही.

उत्तर : कमी खाल्ल्यानं बाळंतपण सोपं होत नाही, बाळ कमी वजनाचं होतं आणि आई अशक्त. गरोदरपणात रोज 350 कॅलरी जास्त हव्यात, म्हणजे एक भाकरी आणि घट्ट डाळीची वाटी. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा बाईला एक वेळचं गरम जेवण मिळतं. वहिनीनं ते तिथंच बसून खावं. डबा घरी नेला की तो सहा जणांत वाटला जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गोळ्या 180 दिवस, जेवल्यावर, पाण्यासोबत. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दुसऱ्या जेवणानंतर घ्या. एक गोष्ट मात्र आधी करा : सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. वहिनीची आणि भावाचीही सिकलसेल तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. दोघंही वाहक निघाले तर डॉक्टरांना पुढचं ठरवायला वेळ मिळतो. सिकलसेलच्या रुग्णाचा रक्तक्षय नुसत्या लोहानं भरत नाही.

प्रश्न : वय 19, वजन 62 किलो, धुळ्यात शिकतो, जिमला जातो. सर म्हणतात प्रोटीन पावडरशिवाय अंग भरणार नाही.

उत्तर : व्यायाम न करणाऱ्या माणसाला या वजनाला 52 ग्रॅम प्रथिनं पुरतात. तू वजनं उचलतोस, तर 95-100 पर्यंत जा, त्यापुढं खर्च फक्त वाढतो. मेसमध्ये दोन्ही वेळा डाळ दुसऱ्यांदा मागून घे, खोलीवर भाजलेले हरभरे, सोयाबीनच्या वड्या, दूध, चालत असतील तर तीन अंडी. वही घे, तीन दिवस लिही, बेरीज कर. बेरीज कमी आली तरच पावडरचा विचार कर. आणि सर स्वतः पावडर विकत असतील तर तेही त्या वहीत लिहून ठेव.