वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षण झाले, उपयोग झाला का?

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यातील आमच्या बागायतदार गटाने दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशींनुसार हापूस काढणीचे प्रशिक्षण घेतले. हजेरीपट भरला आहे. पण उपयोग झाला की नाही, हे कसे ठरवावे?

उत्तर : हजेरीवरून कोण आले एवढेच कळते. फळ चौदा आणे (म्हणजे सुमारे ८५ टक्के) तयार झाल्यावर नूतन झेल्याने, म्हणजे देठ कापणाऱ्या, जाळी लावलेल्या काठीने, देठासह उतरवावे, अशी शिफारस आहे. तेव्हा ऐन हंगामात बागेत जाऊन क्रेटमधील किती फळांना देठ आहे हे मोजा, आणि साका, म्हणजे फळाच्या गरातला बिघाड, बाहेरून दिसत नसल्याने प्रत्येक बागेतील ठरावीक फळे पिकल्यावर कापून पाहा. हीच पाहणी प्रशिक्षण न घेतलेल्या शेजारच्या बागांतही करा, नाहीतर हवामानामुळे साका कमी झाला तरी श्रेय प्रशिक्षणाला जाईल. मला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र पुढचे काम : ज्यांनी सल्ला पाळला नाही, त्यांना दोष न देता कारण विचारा. गड्याची मजुरी क्रेटवर ठरत असेल, तर देठ सांभाळायला तो थांबेल कशाला? अशी अडचण प्रयोगशाळेत दिसत नाही; ती नोंदवहीसह विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवा, म्हणजे पुढची शिफारस ठरताना मजुरीची पद्धतही विचारात घेता येईल.