पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयातल्या आगामी मैफली कधी असतात, कशा कळतील?

ऑगस्टवर लक्ष ठेवा. थोर शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुसकर २१ ऑगस्ट १९३१ ला गेले, आणि १९३२ मध्ये हे विद्यालय काढणारे त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन २३ ऑगस्ट १९७५ ला. स्मृतीच्या मैफली शोधायच्या तर तोच आठवडा. गुरुपौर्णिमेच्या सुमारास विद्यार्थ्यांचं गाणंही चुकवू नका. नवखे असतात, पण मनापासून गातात. नक्की तारखेसाठी शनिवार पेठेतल्या विद्यालयात सरळ चौकशी करा किंवा वर्तमानपत्रातलं 'आजचे कार्यक्रम' रोज चाळा. गायकीचं घराणं ग्वाल्हेरचं, त्यामुळे बंदिशी (रागात बांधलेल्या रचना) ठसठशीत ऐकायला मिळतात. कुणी तराणा ('तोम', 'तनन' अशा अर्थ नसलेल्या बोलांचं गाणं) घेतलाच तर मध्येच उठू नका, ती विनायकबुवांची खासियत! आणि दुचाकी जरा लांबच लावा, पेठेत जागा मिळणं कठीण.